कॉलरवरचे चार केस

कॅनडातल्या विंडसरला आल्यापासून मी एकाच न्हाव्याकडे जातो, पण त्याचं नाव कधी विचारलेलं नाही. मूळचा लेबनॉनचा, सत्तरीचा, झुबकेदार मिशांचा. त्याची निम्मी गिऱ्हाइकं नदीखालच्या बोगद्यातून येतात, पलीकडच्या डेट्रॉइटहून. अमेरिकेतून कॅनडात, चक्क केस कापायला!

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो आधी विचारतो, "या काठचा की त्या काठचा?" या काठच्याची मान तो ब्रशने लख्ख झाडतो. त्या काठच्याची मात्र अर्धवटच सोडतो. मला वाटलं, म्हातारा विसरला. तसं सांगितलं, तर कात्री नाचवत म्हणाला, "परत जाताना ऑफिसर विचारतो, कॅनडात कशाला गेला होतास? केस कापायला, हे कुणाला खरं वाटणार? पुरावा नको?"

कोविडमध्ये बॉर्डर बंद होती त्या दिवसांबद्दल विचारलं, तर मिशीवर हात फिरवत म्हणाला, "रिकामा बसून हिलाच कातरत होतो. निम्मी संपली, तेव्हा कुठे बोगदा उघडला!"

गेल्या शनिवारी मला डेट्रॉइटला बहिणीकडे जेवायला जायचं होतं. केस कापून झाल्यावर म्हटलं, "आज मी त्या काठचा." त्याने हातातला ब्रश हसत खाली ठेवला.

बोगद्यापलीकडच्या अमेरिकन ऑफिसरने आधी माझा पासपोर्ट पाहिला, मग कॉलर.

"म्हातारा बरा आहे ना?" त्याने विचारलं, आणि टोपी उचलून मान वळवली.

त्याच्याही कॉलरवर चार केस होते.