चाकात आलेलं वावर

जीपचं पुढचं डावं चाक काटेपूर्णेच्या पुलाबाहेर, खालच्या पाण्यावर अधांतरी फिरत होतं आणि माझे व्याही दारातून अर्धं अंग बाहेर काढून ते चाक कसं थांबतं हे पाहत होते. कठडा फुटला होता. जीपचं पोट पुलाच्या दगडावर अडकलं म्हणून आम्ही वर होतो. माझ्या मुलाचे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. मागच्या सीटवर माझी मुलगी, सातव्या महिन्यातली. मी तिला धरलं होतं की तिने मला, ते आठवत नाही. व्याही म्हणाले, "गप बसा सारे. हालू नोका. थांबू द्या त्याले." 'त्याले' म्हणजे चाकाला. आम्ही जिवंत आहोत का, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

चाकावर एवढा जीव असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याची विहीण व्हायची पाळी दुसऱ्या कोणावर आली नसेल. मूर्तिजापुरात हायवेला त्यांचं टायरचं दुकान होतं. पंक्चर काढायचे, हवा भरायचे, पण खरी आवड चाकाचा तोल काढण्याची. गाडी जॅकवर उचलायची, चाक हलकंच फिरवून सोडून द्यायचं आणि ते आपल्या मनाने थांबेपर्यंत कोणी बोलायचं नाही. जड बाजू खाली येते. तिथे खडूची रेघ. पुन्हा फिरवायचं. तीनदा तीच रेघ खाली आली तरच ते मान हलवायचे आणि रेघेच्या बरोबर समोर, रिमच्या काठाला शिशाचा तुकडा ठोकायचे. अर्धं शिसं बाहेरून, अर्धं आतून. आतलं दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "तुमची बायको सैपाक करते तो रस्त्यावरून दिसते काय?"

माझ्या मुलीला पाहायला हिवरखेडला आले तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर रिकामी ताटली त्यांनी बोटावर फिरवली. आम्ही सगळे बघतच राहिलो. मग माझ्या यजमानांना म्हणाले, "ताटली एकीकडं जड आहे, पन मानसं सरळ दिसतात." एवढ्यावर सोयरीक जमली. लग्नाच्या दिवशी नवरदेवाची फुलं लावलेली गाडी दारात येऊन अर्धा तास झाला, नवरदेवाचा बाप दिसेना. तो गाडीखाली होता. अल्बममध्ये व्याह्यांचा एकच फोटो आहे आणि त्यात त्यांचे पाय दिसतात. घरातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्याला त्यांनी शिसं चिकटवलं होतं. विहीणबाई म्हणायच्या, "मी जरा वाकडी चालली तं मलेही चिकटवतीन एखांद्या दिवशी."

शिसं ठोकायच्या आधी रिमच्या आतली माती लाकडाच्या चिपाटीने खरवडायची आणि मग पोत्याने पुसायची, हा त्यांचा नेम होता. त्यात ते देवाचंही ऐकत नसत. ती वर्षं वाईट होती. कापसाने दगा दिला होता, गावोगाव माणसं आपल्या हाताने जीव देत होती, आणि ती का देतात हे विचारायला पांढऱ्या गाड्या यायच्या. कापसाच्या वावरात उतरायच्या, चिखल घेऊन हायवेला लागायच्या आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं की व्याह्यांच्या दुकानापुढे थांबायच्या. एका साहेबाला फार घाई होती. व्याही त्याला म्हणाले, "साहेब, तुमी वावर पाहाले गेलते. वावर तुमच्या चाकात आलं. ते पहिले काढू द्या." पाऊण तास साहेबाला जुन्या टायरवर बसवून ठेवलं. निघताना काढलेली माती घमेल्यात भरून दाखवली. "हे पाहा. इतकं तं तुमी वावरातही पाह्यलं नसन." साहेब हसला नाही. ड्रायव्हर मात्र तोंड फिरवून हसला, असं व्याहीच सांगायचे.

पुढे रस्त्याच्या पलीकडे एकाने चाकाचा तोल लाल आकड्यांत दाखवणारं यंत्र आणलं. व्याही तीन दिवस तिथे जाऊन बसले. परत येऊन म्हणाले, "ते सांगते तेच मी सांगतो. फक्त ते चहा पीत नाही."

मी मुलीला बाळंतपणासाठी न्यायला आले तो दिवस पोळ्याच्या आदला. अमावस्या, आमची अवस, त्याच दुपारी लागणार होती, आणि तिच्या आत मला पोरीला उंबऱ्याबाहेर काढायचं होतं. येताना एका ठिकाणी रस्ता खोदलेला होता म्हणून मुलाने जीप वावरातून घातली होती. तेव्हापासून स्टिअरिंग थरथरत होतं. व्याह्यांनी चाकांखाली डोकं घातलं आणि वर येऊन म्हणाले, "इहीनबाई, चारी चाकं मातीनं भरले आहेत. दोन घंटे लागतीन."

"दोन घंट्यात अवस लागते. शिसं ठोका अन् मोकळे व्हा, इवाईबुवा."

"माती वाळली की सुटते. माती सुटली अन् शिसं राह्यलं, तं मंग तेच शिसं जड होते."

"काळी माती मले सांगता काय? पन्नास वर्षं पायाले लावली मी. धरली की सोडत नाही ते."

ते खडू हातात धरून उभे राहिले. पोरगी मागच्या खोलीत सामान बांधत होती, मुलगा चहाला गेला होता. मुलीच्या आईने सासरच्या दारात आवाज चढवायचा नसतो. मी चढवला. "तुमच्या चाकापायी माह्या पोरीले अवस लागली ना, तं पाहून घेईन मंग!" व्याह्यांनी एकेक चाक फिरवलं, रेघ मारली आणि मातीसकट चाकाला शिसं ठोकलं. जन्मात पहिल्यांदा. मग हात पुसून म्हणाले, "अकोल्यापावतर मी येतो संग." आणि मुलाच्या शेजारी डाव्या बाजूला जाऊन बसले.

काळी माती वाळली की तडकते, चैतात तिच्या भेगांत हात जातो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. कुरणखेडपर्यंत जीप लोण्यासारखी चालली. मी दोनदा म्हणाले, "पाहा, काही होते काय?" ऊन चांगलं तापलं होतं. पुलाच्या अलीकडे खालून धप्पकन काहीतरी पडलं. मी मागे पाहिलं तर रस्त्यावर मातीचा ढेपसा. पुलावर चढलो आणि स्टिअरिंग मुलाच्या हातात उड्या मारायला लागलं. समोरून ट्रक. मुलगा घाबरला. व्याह्यांनी त्याच्या हातांवर हात दाबले आणि ओरडले, "बिरेक नोको दाबू! पाय उचल!" मग कठडा, आणि मग नुसतं चाक फिरण्याचा आवाज.

ते चाक हळू झालं, जरा मागे आलं, जरा पुढे गेलं आणि थांबलं. शिशाचा नवा चकचकीत तुकडा बरोबर खाली होता. तो मीही पाहिला. व्याही म्हणाले, "तेच." माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग विचारलं, "सारे हायेत ना?"

उजवीकडून एकेकाला उतरवलं. ट्रकवाले जमले. कोणीतरी तोंड सोडलं, "कोन्या गाढवानं चाक केलं हे?" व्याही म्हणाले, "म्या केलं. माती काढाची राह्यली माह्यानं." मी तिथेच उभी होते. मी बोलले नाही. अवस लागली तेव्हा आम्ही पुलावरच होतो.

ही गोष्ट हायवेभर झाली. ज्याची सून त्याच्याच हातच्या चाकावर पुलाबाहेर गेली, त्याच्याकडे कोण चाक टाकणार? गाड्या पलीकडच्या यंत्राकडे वळायला लागल्या. व्याही पंक्चर काढत राहिले आणि माझी मुलगी कितीतरी महिने सासऱ्याशी मोजकंच बोलली. मला ते दिसत होतं. नातीच्या बारशाला मी त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "इवाईबुवा, मी सांगून टाकतो साऱ्याईले." ते पाळण्याच्या दोऱ्या चाचपत होते. वर न पाहता म्हणाले, "राहू द्या. तुमच्याकडं पहिलेच जड आहे, पोरीची माय तुमी. मी समोर बसलो होतो, म्हनून शिसं माह्याकडं ठोकलं." आणि पाळणा डावीकडे ओढतो म्हणून दोरी सोडून परत बांधायला घेतली.

दोन वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले. तेराव्याला मी त्यांच्या घरी राहिले. दुपारी आडवी झाले तर पंखा फिरत होता आणि त्याचा एवढासाही आवाज नव्हता. मला झोप आली नाही.

माझी मुलगी हे वाचेल. तिला आजवर वाटतं की चूक सासऱ्याची होती. चूक माझी होती. त्या दिवशी जीपमध्ये माझा मुलगा, माझी मुलगी, तिच्या पोटातली पोर, व्याही आणि मी होतो. पाचही जण वाचलो.