चॅफींच्या वाटेवरचं फाटक

हेझलकूम गावात ग्लेंडा स्कटला एकच घर हवं होतं, मळ्याच्या टोकाचं, गवती छपराचं. त्याच घरात ती जन्मली होती. बाप मळ्याचे मालक ऑब्रे चॅफी यांच्या गोठ्यावर कामाला, घर नोकरीबरोबरचं. गाईच्या लाथेने बापाची कंबर मोडली, तेव्हा चॅफी दारात आले आणि टोपीही न काढता म्हणाले, नव्या माणसाला घर लागणार आहे. ऐन हिवाळ्यात बिऱ्हाड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पडलं. शहरातल्या ओल्या सरकारी खोलीत आईची छाती भरली ती भरलीच. तिच्या दफनाला चॅफींनी फुलं पाठवली. ग्लेंडाने ती गटारात फेकली.

पुढे ती शाळेची बस चालवू लागली. लग्न केलं नाही. भाऊ रॉय म्हणायचा, तू त्या म्हाताऱ्या चॅफीशीच संसार मांडलायस.

पन्नाशी उलटल्यावर संधी आली. चॅफींच्या मुलाने, जेराल्डने, घर विकायला काढलं. मळा आता त्याच्या नावावर होता, आणि त्याला घाई होती. ग्लेंडा कर्जासाठी हिंडली. एका बँकेने वय बघून नाक मुरडलं, दुसरीने मातीच्या भिंती बघून. शेवटी बाजारगावातल्या छोट्या पतसंस्थेत मिसेस टोलँड भेटल्या. त्यांनी तिची मिळकत आणि शिल्लक शांतपणे पाहिली आणि निवृत्तीच्या आत फिटेल असं कर्ज बसवून दिलं. अडचण एकच निघाली. मळ्यावरून चर्चकडे जाणारी पायवाट घराच्या परसातून जात होती. ती चॅफीच वापरत. पतसंस्थेचा वकील अडून बसला: वाटेवर आपला हक्क नाही असं विकणाऱ्याने लिहून द्यावं, मगच कर्ज.

मिसेस टोलँडना वाटलं, गावात वाईटपणा येईल. म्हणाल्या, शेजाऱ्यांना जाण्यायेण्याची मुभा ठेवता येईल, मी वकिलाशी बोलू का?

"नको," ग्लेंडा म्हणाली. "वकील म्हणतात तसंच होऊ दे."

जेराल्डने बापाला न विचारताच सही ठोकली.

ग्लेंडा राहायला आली आणि आधी परसाच्या फाटकाला कुलूप घातलं. रविवारी चॅफी आले. ऐंशी उलटलेली, हातात काठी, अंगात चर्चचा कोट.

"ग्लेंडा, कुलूप आहे गं इथे."

"मीच लावलंय, मिस्टर चॅफी."

"माझी विनिफ्रेड आहे तिकडे, चर्चमागे. दर रविवारी जातो मी तिच्याकडे. रस्त्याचा चढ मला चढवत नाही आता."

"माझी आई शहरात पुरलीय. तिच्याकडे जायला मला दोन बस बदलाव्या लागतात."

म्हाताऱ्याने फाटक धरलं. "मळा चालवायचा होता, पोरी. माझाही नाइलाज होता."

"असेल. रस्ता त्या बाजूला आहे."

ते गेले. खिडकीत उभी राहून चहा घेत तिने त्यांना चढावर थांबत थांबत जाताना पाहिलं. इतका गोड चहा तिने आयुष्यात प्यायला नव्हता.

रॉयला कळलं तेव्हा तो भडकला. मेलेल्या बायकोपासून म्हाताऱ्याला तोडतेस, म्हणाला, आणि यायचा बंद झाला. दुकानात बायका तिच्याशी बोलेनात. थंडी पडली तसं चॅफींचं रविवारचं जाणंही थांबलं. मग एकदा जेराल्ड वडिलांसाठी किल्ली मागायला आला. ग्लेंडाने त्याला दारातूनच परत पाठवलं.

वसंतात तिने ती पायवाट खणून काढली आणि तिथे बटाटे लावले. पीक चांगलं आलं. ती एकटीच जेवायची, पण ते बटाटे तिने चवीने खाल्ले.