अर्धा मिनिट आधी

अड्याळच्या बाजारात माझ्या शिलाईच्या दुकानासमोर केबलवाल्याचं दुकान आहे. त्याची केबल सोडून मी मोबाईलवर फुकटच्या ॲपवर तेच चॅनल बघू लागलो, तेव्हा गळ्यातला दुपट्टा सारखा करत तो एवढंच म्हणाला, "भाऊ, हे चोरीचं हाये. चॅनलवाल्याले न इचारता दाखवून राहिले ते."

माझ्या मोबाईलवरची मॅच त्याच्या टीव्हीपेक्षा अर्धा मिनिट मागे चालते. तरी विकेट पडल्याचं त्याच्याकडून मला कधीच आधी कळलं नाही. परवा सहज मान वर केली, तर टीव्हीचा आवाज बंद करून, दुपट्टा दातात धरून तो माझ्याकडेच बघत होता. मी पुन्हा मोबाईलकडे वळलो. थोड्या वेळानं विकेट पडली आणि मी ओरडलो. मग समोरून तोही ओरडला, आत्ताच पाहिल्यासारखा.