शेवटचं चित्र वाचनालयात

आमच्या लासुर्ण्याच्या वाचनालयातल्या बाई स्वतः काढलेली चित्रकथा शेजारच्या पिठाच्या गिरणीत चिकटवतात. दळण होईपर्यंत बायका ती वाचतात. शेवटचं चित्र मात्र वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटावर असतं.

वाद निघाला की बाई चष्मा पुसतात. कमिटीतले तात्या म्हणाले, "हा पोरखेळ हाय."

बाईंनी चष्मा पुसला. "व्हय तात्या. पर दळणाला पोरं थोडीच येत्यात?"

काल आई गिरणीतून उशिरा आली ती एक जाड कादंबरी उघडूनच बसली.

"आई, पीठ कुठंय?"

"गिरणीतच ऱ्हायलं बघ. तू आण," मान वर न करता ती म्हणाली.

मी गेले, तर पिठाचे डबे ओळीनं तसेच पडलेले, आणि वाचनालयाच्या दारात बायकांच्या चपलाच चपला. आत वाद घालणारं कुणी नव्हतं, तरी बाई चष्मा पुसत होत्या.