वैशाखातली वीस पानं

देवाधर्माशी माझं फारसं सख्य नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. एम.एस्सी. झाल्यावर घरात लग्नाचं बोलणं निघालं आणि मी पीएच.डी.चा हट्ट धरला, तोही देवाला विचारून नव्हे. बाबा रेल्वेत, मुळात बोलणं कमी. त्यांनी एवढंच म्हटलं, "तीन वर्षं देतो. मंग मले काही सांगू नको." बाबांची तीन वर्षं म्हणजे तीन वर्षंच, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. प्रवेश परीक्षेचा अभ्यास, मार्गदर्शक मिळावा म्हणून विभागात घातलेल्या चकरा, मग विषयाची मंजुरी, यातच पहिलं वर्ष निघून गेलं. उरलेल्या दोन वर्षांतला एक महिनाही वाया घालवायचा नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं.

राज्य नवं होतं, रायपूर नुकतंच राजधानी झालेलं. शहराबाहेर सिलतऱ्याला लोखंडाचे कारखाने एकामागून एक उभे राहत होते आणि आमच्या ब्राह्मणपाऱ्यात गच्चीवर घातलेल्या पापडांवरसुद्धा काळी भुकटी बसायची. आई कारखानेवाल्यांना शिव्या घालायची. मी त्यातून विषय काढला. पिंपळाच्या पानांवर वर्षभरात किती धूळ बसते आणि त्याने पानाचं काय होतं, हे मला शोधायचं होतं. पाच पिंपळ निवडले, चार शहरातले आणि पाचवा सिलतऱ्याचा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाची दहा पानं तोडायची, प्रयोगशाळेत धुवायची, ते पाणी गाळून धुळीचं वजन करायचं. असं वर्षभर, खंड न पडता.

हे ऐकून आई हादरलीच. "पिंपळाले असं ओरबाडत नसते वं! हात जोडून, विचारून घेजो." तिच्या समाधानासाठी मी कबूल झाले. पंधरवड्याचा हिशेब चुकू नये म्हणून दिवस धरले पौर्णिमा आणि अमावस्या, कारण आमच्या घरी त्या विसरण्याची सोयच नव्हती. आई सकाळी उठता-उठताच जाहीर करायची. माझे मार्गदर्शक सर हसले, पण पंधरा दिवसांचं अंतर पडतंय म्हटल्यावर त्यांनीही मान डोलावली. मग मी त्या दिवशी सकाळीच टेंपोत बसून, भनपुरीच्या ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत सिलतऱ्याला जायची. खुणेसाठी मीच लाल दोरा बांधलेल्या फांदीपुढे हात जोडायची, "घेते रे बाबा" म्हणायची, दहा पानं कागदी पाकिटात घालून परतायची. पांढरी साडी नेसलेली एक पन्नाशीची बाई तिथे पाराशी डोळे मिटून बसलेली असायची. मी तिच्याकडे पाहून कधी धड हसलेही नसेन, मला उरलेली चार झाडं गाठायची असायची.

उन्हाळा आला. पाऊस नाही, पानं धुतली जात नाहीत, त्यामुळे वैशाखातले नमुने सगळ्यात महत्त्वाचे. आणि नेमकी पौर्णिमेच्या चार दिवस आधी मला कावीळ झाली. अशी झाली की पहिले काही दिवस मला वार कळत नव्हता, तर तिथी कुठली कळणार? आई उशाशी, बाबा ड्यूटीवर. प्रयोगशाळेतल्या रश्मीने पौर्णिमेला आणि अमावस्येलाही आपणहून शहरातल्या चार झाडांची पानं घेतली, पण सिलतऱ्याचं झाड तिला माहीत नव्हतं आणि त्या ट्रकांच्या रस्त्याने घरचे तिला एकटीला पाठवत नव्हते. शुद्धीवर आले तेव्हा पौर्णिमा उलटून गेली होती. अमावस्येला आईने सवयीने म्हटलं, "आज अवस आहे," आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. वैशाख गेला म्हणजे पुढच्या वैशाखापर्यंत थांबणं आलं, आणि तोवर बाबांची मुदत संपत होती.

आई म्हणाली, "पिंपळ कोठी पळून जाते काय? त्याच्यावर सोड." मला रागच आला. भिंतीकडे तोंड करून मी हात जोडले आणि मनातल्या मनात भांडले, इतके महिने तुला विचारून पानं घेतली ना, आता मला उठता येत नाही, आता तूच बघ. ही माझ्या आयुष्यातली पहिली खरी प्रार्थना. तिला प्रार्थना म्हणायलाही मला लाज वाटते.

उठून बसू लागले तेव्हा रश्मी भेटायला आली. ती घरात मराठी ऐकते, पण उत्तर हिंदीतच देते. "यार, दोनों तरफ़ का औसत निकाल के बीच में डाल दे. कौन देखने जा रहा है?" तिने हे मायेनेच म्हटलं होतं. मी दोन दिवस तगमगले आणि तिसऱ्या दिवशी निरीक्षणाच्या वहीत सिलतऱ्याच्या दोन रिकाम्या चौकोनांत पेन्सिलीने सरासरीचे दोन आकडे लिहिले. नंतर शाईने गिरवू, असं स्वतःला सांगितलं. हे मी कुणाच्या सांगण्यावरून केलं असं म्हणणार नाही, हात माझाच होता.

ज्येष्ठाच्या पौर्णिमेला आई नको नको म्हणत असताना मी सिलतऱ्याला गेले. झाडाजवळ पोचते तो पांढऱ्या साडीतली ती बाई उठून सामोरी आली.

"काहून आली नाही वं दोन डाव? बिमार होती काय?"

मी "हव" म्हटलं. तिने पिशवीतून वहीच्या कागदाची दोन पाकिटं काढली. एकावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं 'वैशाख पुनव', दुसऱ्यावर 'वैशाख अवस'. आत दहा-दहा पानं, सुकलेली, धुळीसकट.

तिचा नवरा कारखान्यात कामाला होता, माहेर वर्ध्याकडचं. ती बौद्ध, पौर्णिमा-अमावस्येला उपोसथाचं व्रत धरून बोधिवृक्षाखाली बसणारी. मीही त्याच दिवशी येते, हात जोडते, हे पाहून तिला वाटलं, ही आपलीच पोट्टी, हिचाही काही नेम आहे. "दोरा बांधला त्याच फांदीचे घेतले. तू धूत नाही, म्हून मीबी नाही धुतले." मग म्हणाली, "मी या झाडाचं पान कधी तोडत नाही बाई. पडलेलं उचलतो. पण तू पडलेलं घेत नाही ना. म्हटलं, माहा नेम मोडला तं मोडू दे, पोरीचा राहिला पाहिजे."

मी तिथेच पाराला टेकून बसले आणि ढसाढसा रडले. तिने पाठीवरून हात फिरवला.

प्रयोगशाळेत ती वीस पानं धुतली. धूळ माझ्या पेन्सिलीच्या आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाली. माझ्या खोट्याने त्या झाडाचं दुखणंच झाकलं गेलं असतं. मी सरांना सगळं सांगितलं, पेन्सिलीसकट. त्यांनी वही ओढून घेऊन ते दोन चौकोन पाहिले. मग म्हणाले, "एक बार उनसे फिर तुड़वाओ, साथ में तुम भी तोड़ो. मिले, तो रख लो. लेकिन जैसा हुआ, वैसा लिखना." पुढच्या अमावस्येला त्या बाईने माझ्यासाठी पुन्हा आपला नेम मोडला. तिची पाकिटं मी तशीच वाळवली आणि मगच धुतली. दोघींचे आकडे जुळले. प्रबंधात तळटीप गेली, 'हे दोन नमुने एका स्थानिक महिलेने गोळा केले.'

बाबांच्या मुदतीला दोन महिने उरले असताना मी प्रबंध दिला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांचं बोट नेमकं त्या तळटिपेवर थांबलं. "ये महिला कौन हैं?" मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "नाम क्या है उनका?"

मला सांगता आलं नाही. आईला, मैत्रिणींना मी शंभरदा सांगितलं होतं की देवाने बाई पाठवली. देवाने पाठवली म्हणत राहिले आणि त्या नादात बाईला तिचं नाव विचारायचंच राहून गेलं होतं. पदवी मिळाली, बाबांनी मोहल्लाभर पेढे वाटले, पण तो प्रश्न काही माझ्या मनातून जाईना.

पुढच्या पौर्णिमेला प्रबंधाची माझी प्रत घेऊन सिलतऱ्याला गेले. पेढा आधी झाडापुढे ठेवला, मग तिच्या हातावर. जिद्द माझी होती, हे मी आजही म्हणेन. पण माझा हात उठत नव्हता तेव्हा कुणीतरी आपला नेम बाजूला ठेवून माझा सांभाळला, आणि तेव्हापासून सगळं मीच पेलते हा माझा ताठा उतरला. आता हात जोडते ते आईच्या समाधानासाठी नाही. वहीतले पेन्सिलीचे आकडे मी खोडले, तरी कागदावर त्यांचे वळ राहिलेत, तेही अधूनमधून काढून बघते.

त्या दिवशी मी विचारलं, "मावशी, तुमचं नाव काय?"

ती हसली. "आता विचारून राहिली काय वं? शेवंता."

मी प्रत मांडीवर घेतली, तळटिपेचं पान उघडलं, आणि 'एका स्थानिक महिलेने' यावर काट मारून शाईने लिहिलं, शेवंतामावशीने.