बर्वे सरांचा सिग्नल

हसायचं तर खुशाल हसा. पण आधी मला सांगा, नुसतं उभं राहून तुम्ही कधी कोणाचं वाटोळं केलंय? मी केलंय!

बर्वे सर म्हणजे भोपाळच्या आमच्या सरकारी कारखान्यातल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. मी त्यांचा ज्युनिअर. सर रिटायर व्हायला आठ दिवस उरले होते आणि वरचे साहेब त्यांचा प्रयोग बघायला येणार होते. त्यांनी हो म्हटलं तरच सरांच्या मागे ते काम चालू राहणार.

प्रयोग असा. रंगात अगदी केसभर फरक असलेले दोन लेझर. दोघांचा प्रकाश एका फायबरमधून एका डायोडवर पाडायचा, की त्या फरकातून रेडिओच्या जातीची मिलिमीटर लहर तयार होते. ती इकडच्या अँटेनातून निघते, खोलीपलीकडच्या अँटेनावर पोचते आणि तिथल्या टीव्हीवर चित्र उमटतं. मधे वायर नाही!

त्या दिवशी साहेब आपल्या माणसांसह टीव्हीसमोर बसले, सर लेझरच्या टेबलावर वाकलेले. तिथून टीव्ही दिसत नाही. म्हणून निरोप द्यायला मी आपला खोलीच्या मधोमध.

"देवतळे, आलं का रे?"

"नाही सर!"

"आता?"

"नाही सर!"

सर म्हणाले, फायबर बदलून बघू. मी स्पेअर फायबर आणायला कपाटाकडे पळालो, तर साहेब ओरडले, "आया, आया!" मी धावत परत जागेवर. चित्र गायब!

"बर्वे जी, आपकी मशीन तो शरमा रही है," साहेब म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. काम बंद.

सर एवढंच बोलले, "माझंच काहीतरी चुकलं असेल रे."

दुसऱ्या दिवशी सामान बांधण्याआधी मी एकट्यानंच सगळं चालू केलं. चित्र लख्ख! टीव्हीकडे निघालो, मधोमध पोचलो, गेलं. मागे सरकलो, आलं. अहो, ही लहर माणसाच्या अंगातून पार जात नाही, हे मला सरांनीच तर शिकवलं होतं!

लगेच जाऊन सांगायला हवं होतं ना? धीरच झाला नाही. या रविवारी जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ... चौथ्या महिन्यात सर गेले.

निदान काकूंना तरी सांगू, म्हणून शाहपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो. मी तोंड उघडायच्या आत काकूच म्हणाल्या, "तुझं फार नाव काढायचे रे. म्हणायचे, त्या दिवशी सगळे उठून गेले, पण एकटा देवतळे शेवटपर्यंत जागचा हलला नाही."