खड्डा नव्हे, चर

माझा साडू घड्याळं दुरुस्त करतो. थोरली बहीण माझ्या घरात, धाकटी त्याच्या. सगळे त्याला घड्याळजी म्हणतात, मीही म्हणतो. मला माझ्या टोळीतली माणसं धुम्मस म्हणायची. धुम्मस म्हणजे माती ठोकून बसवायचं लोखंडी हत्यार. खाली जड चौकोनी ठोकळा, वर उभा दांडा. चौतीस वर्षं मी रस्त्यांच्या खात्यात काढली. बहुतेक वर्षं ती धुम्मस उचलून आपटली, शेवटची काही वर्षं मुकादम म्हणून दुसऱ्यांकडून आपटून घेतली. घड्याळजीच्या दुकानातली सगळी हत्यारं माझ्या सदऱ्याच्या एका खिशात मावली असती.

हे मी बायकोला पुष्कळदा सांगितलं. ती म्हणायची, “मावली असती, पण तुम्हाला सापडली नसती.”

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, पांढरा कागद. घड्याळ उघडलं की एकेक स्क्रू त्या कागदावर ओळीने ठेवायचा आणि त्याच ओळीने परत बसवायचा. बासष्टाव्या वर्षी रोज सायकलवरून दुकानात. पाठ ताठ, पँटच्या पायाला चिमटा, केस नीट चापून बसवलेले. आवाज कधी चढवला नाही. आमच्या घरी आला की बायको चांगले कप काढायची. मला नेहमीचाच, कान तुटलेला. मी कपाविषयी बोलत नाही. पण मोजत होतो.

गेल्या वर्षी तो पोस्टामागच्या उतारावर सायकलवरून पडला. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. आत पट्टी आणि सहा स्क्रू घातले. दवाखान्यात आम्ही पोचलो तर हा पडल्यापडल्या नर्सला सांगतोय, “आठ वाजून बारा मिनिटांनी पडलो.”

मी विचारलं, “घड्याळ बंद पडलं का?”

“बंद कसं पडेल? मी दुरुस्त केलेलं आहे. चालू होतं, म्हणून तर वेळ कळली.”

नर्स हसली. मेहुणी रडता रडता हसली. माझी बायको म्हणाली, “बघा, एवढ्या दुखण्यातही माणूस कसा बोलतो.”

माझ्या पोटात दुखलं. नऊ वर्षांपूर्वी मीही सायकलवरून पडलो होतो. गुडघा फुटला होता. मी उठलो, चेन चढवली आणि कामावर गेलो. तो पाय अजून पूर्ण दुमडत नाही. कुणी चांगले कप काढले नाहीत. बायकोने विचारलं, कसे पडलात? मी म्हटलं, गल्लीतलं काळं कुत्रं आडवं आलं. विषय संपला.

घड्याळजीचा विषय संपेना. त्याने सरकारकडे भरपाईचा अर्ज केला. डाव्या हाताने लिहिला, तरी अक्षर माझ्या उजव्यापेक्षा बरं. सोबत दवाखान्याचे कागद, सायकलच्या वाकड्या चाकाचा फोटो, उताराचा नकाशा. पोस्टाच्या फाटकापासून एकवीस पावलं, भिंतीपासून चार. सगळं त्या स्क्रूंसारखं ओळीने लावलेलं. शेजारपाजारची माणसं फाइल बघायला यायची. एकाने तर म्हटलं, सरकारला धडा शिकवणारा माणूस. चौतीस वर्षं मी त्याच रस्त्यांचे खड्डे बुजवले, पण मला बघायला कुणी आलं नाही.

मी फाइल उघडून पहिलं वाक्य वाचलं. “रस्त्यावरील खड्ड्यात चाक अडकून मी पडलो.”

तिथेच मला कळलं की अर्ज फेटाळला जाणार.

आमच्या कामात खड्डा वेगळा आणि चर वेगळा. खड्डा वरून पडतो. पाणी मुरतं, गाड्या जातात, डांबर सुटतं. चर माणसं खणतात, पाइप टाकायला. मग तो बुजवायचा असतो. वीतभर माती, पाणी, धुम्मस. पुन्हा वीतभर माती, पाणी, धुम्मस. असे तीन थर. थर चोरले की वरचं डांबर काही महिन्यांनी खाली बसतं. लांबच लांब, चार बोटं रुंद पन्हाळी होते. मोटारीच्या चाकाला ती जाणवतही नाही. सायकलचं चाक मात्र आत शिरतं आणि काठ त्याला बाहेर येऊ देत नाहीत. पोस्टामागे अपघाताच्या काही महिने आधी पाइप टाकला होता. पाहणीला जीपमधून येणारा माणूस खड्डा शोधणार, त्याला खड्डा सापडणार नाही, आणि तो तसं लिहिणार. खोटंही नाही.

मिनिटाला जपणारा माणूस भोकाचं नाव चुकला होता. मला फार बरं वाटलं. मी फाइल मिटली आणि म्हटलं, “अक्षर छान आहे.”

दोन महिन्यांनी पत्र आलं. मेहुणीने आमच्याकडे आणून वाचलं. “सदर ठिकाणी पाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.” खाली लिहिलं होतं, तीस दिवसांत अपील करता येईल.

“सबब म्हणजे काय हो भाऊजी?” मेहुणीने विचारलं.

“म्हणून.”

“मग म्हणून असं लिहायला काय होतं मेल्यांना?” आणि ती रडायला लागली. म्हणाली, पैशाचं एक असू दे, पण मुलगा आता म्हणतो की बाबांचा तोल जातो. वय झालं. सायकल विका, दुकान बंद करा. हे काही बोलत नाहीत. रोज जाऊन दुकानात बसतात, कागद पसरतात, आणि स्क्रू उचलता येत नाही म्हणून कागद घडी करून परत येतात.

“सरकारनेच लिहून दिलंय ना, खड्डा नव्हता,” ती म्हणाली. “म्हणजे हे आपसूकच पडले.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी चहा प्यायलो. तुटक्या कानाचाच कप होता.

अकरा दिवस मी गप्प बसलो. बाराव्या दिवशी पहार घेऊन पोस्टामागे गेलो. चर वाईट भरला असेल याची खात्री होती, तरी मनात होतं की चांगला भरलेला निघावा. मग घड्याळजी खरोखरच तोल जाऊन पडला असं ठरलं असतं. पन्हाळी सापडली. फाटकापासून एकवीस पावलं, भिंतीपासून चार, त्याने लिहिल्याप्रमाणे बरोबर. कडेला डांबर फुटलं होतं तिथे पहार टेकवली आणि दाबली. ठोकली नाही, नुसती दाबली. हातभर आत गेली. भाकरीच्या पिठात जावी तशी. एकसुद्धा थर दाबलेला नव्हता. माती ढकलून वर डांबर फासलं होतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घड्याळजीसाठी नव्हे. एवढ्या आळशी कामाची कुणीतरी मजुरी घेऊन गेलं म्हणून.

तसाच पहार खांद्यावर टाकून त्याच्या दुकानात गेलो. तो म्हणाला, “साडूभाऊ, घड्याळ उघडायला एवढं मोठं हत्यार लागत नाही.”

“खड्डा खोडा,” मी म्हटलं. “चर लिहा. पाइपचा चर, न दाबता बुजवलेला. लांबी मी मोजून देतो.”

त्याने डाव्या हाताने पेन उचललं. “तुम्हाला हे कधी कळलं?”

“आजच.”

हे दुसरं कुत्रं.

अपिलाच्या सुनावणीला आम्ही चौघं गेलो. लांब खोली, मध्ये टेबल. टेबलामागे एक मॅडम, बाजूला खात्याचा अभियंता. बायका मागच्या बाकावर. मॅडमनी मला विचारलं, “आपण कोण?”

“साडू.”

“तसं नव्हे. आपला संबंध काय?”

“यांच्याशी की चराशी?”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते कागदाआड लपवलं. मी पहार किती आत गेली ते सांगितलं. अभियंता शांत माणूस होता. त्याने बाकी सगळं मान्य केलं. पाइप टाकला, चर बुजवला, थोडा खचला. पण म्हणाला, “मॅडम, ही नेहमीची पद्धत आहे. वरचा थर दाबतात, उरलेलं गाड्या दाबतात. असल्या उतारावर रोज शेकडो सायकली जातात. बाकी कुणी पडल्याची नोंद नाही. अर्जदाराचं वय बघता तोल गेला असणं जास्त शक्य आहे.”

उरलेलं गाड्या दाबतात. हे वाक्य माझं होतं.

नऊ वर्षांपूर्वी, बाजाराच्या वळणावर, शनिवारी दुपारी तीन वाजता मी ते माझ्या टोळीला म्हटलं होतं. चर लांब होता, सगळे थकले होते, मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, एकच थर ठोका, उरलेलं गाड्या दाबतील. चौतीस वर्षांत एकदाच. पाच आठवड्यांनी सकाळी कामावर जाताना सायकलचं पुढचं चाक त्याच चरात शिरलं. पडायच्या आधी मला कळलं होतं की मी कशात शिरलोय. हँडल वळवलं, काठाने वळू दिलं नाही. मागाहून मी तो चर उकरून पुन्हा तीन थरांत भरला. खात्यात सांगितलं, पाइप तपासायचा होता. घरी सांगितलं, कुत्रं आडवं आलं.

मॅडमनी विचारलं, “तुमचा अनुभव काय? अशा चरात सायकलस्वार पडतो? पडलेला कुणी तुम्ही पाहिलाय?”

मागे बायको बसलेली. शेजारी घड्याळजी, प्लॅस्टर काढलेला बारीक हात मांडीवर. नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. तो म्हातारा ठरला असता, आणि मी चौतीस वर्षांचा धुम्मस राहिलो असतो.

“मी पडलोय,” मी म्हटलं. “चरही मीच भरला होता. एकच थर ठोकून. हे साहेब आता जे बोलले ते मीच बोललो होतो. गाड्या काही दाबत नाहीत. माती आपली आपण दाबावी लागते.” मग उठून पाय दुमडून दाखवला, म्हणजे जिथपर्यंत दुमडतो तिथपर्यंत. “तेव्हा माझं वय बावन्न होतं. तोल चांगला होता.”

अभियंता कागद चाळायला लागला. मॅडम बराच वेळ लिहीत होत्या. 

आणि मागच्या बाकावरून बायको म्हणाली, “म्हणजे कुत्रं नव्हतंच?”

“शांतता राखा,” मॅडम म्हणाल्या.

“नऊ वर्षं,” बायको मेहुणीला सांगत होती, आवाज खाली घेतला असं तिला वाटत होतं, “नऊ वर्षं मी त्या काळ्या कुत्र्याला दारात उभं केलं नाही गं!”

निकाल महिन्याने आला. भरपाई मंजूर झाली. पण घड्याळजीने मला दाखवलं ते एकच वाक्य. “सदर अपघात चर योग्य रीतीने न दाबल्यामुळे घडला असून अर्जदाराचा त्यात कोणताही दोष नाही.” त्याच्या मुलाने ते वाचलं आणि सायकलचा विषय बंद केला. माझाही उल्लेख होता, “एका जाणकार साक्षीदाराच्या म्हणण्यानुसार”. बायकोने तो भाग दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, “आणि घड्याळजींचं वाक्य बघा, कोणताही दोष नाही! केवढं छान लिहिलंय.”

मला तेच झोंबत होतं. पैसे नव्हे, कप नव्हे. त्याच्या पडण्याचं कारण दुसऱ्याच्या माथी होतं, शिक्क्यानिशी. माझा गुडघा कुणाच्या माथी मारायचा?

मनगट पूर्ण फिरत नाही. हातातली घड्याळं त्याने सोडली, आता फक्त भिंतीवरची घेतो. पांढरा कागद मोठा आणलाय, स्क्रू मोठे आहेत, ओळ तीच.

गेल्या आठवड्यात पोस्टामागचा चर पुन्हा भरला. मी पहार घेऊन गेलो. टेकवली, दाबली, मग ठोकली. बोटभरही आत गेली नाही. नव्या टोळीने काम चोख केलं होतं. मी दुसरीकडे ठोकून पाहिली. तिथेही नाही.

तेवढ्यात घड्याळजी सायकलवरून आला आणि एक पाय टेकून थांबला. “साडूभाऊ, तुमच्या गुडघ्याचा अर्ज लिहू का? आता डाव्या हाताची सवय झालीय.”

“कुणाविरुद्ध?”

“तेच तर. अर्जदार तुम्ही, सरकारी बाजूही तुम्ही, आणि जाणकार साक्षीदारही तुम्हीच. दुसऱ्या माणसाचं कामच नाही.”

मी हसलो. बऱ्याच वर्षांनी त्याच्या बोलण्याला हसलो. मग विचारलं, “मला आधीपासून माहीत होतं, हे तुम्हाला कळलं होतं का?”

“तुम्ही अक्षराचं कौतुक केलंत तेव्हाच,” तो म्हणाला. “तुम्ही कधी माझं कौतुक करता का?”

एवढं म्हणून तो उतारावर निघाला. पाठ ताठ. बरोबर चरावरून गेला, मुद्दाम. चाक हललंही नाही. मी त्याच्या पाठीकडे बघत उभा राहिलो. तो वळणापलीकडे गेल्यावर पहार खांद्यावर घेतली आणि पायी घरी निघालो. दारात काळं कुत्रं बसलं होतं, समोर चांगल्या कपाची बशी.